गोठ्याचा शेवटचा नियम

नारळी पौर्णिमेपासून आमची मागची खोली रोज एका फरशीने लांब होते आहे. आधी ती दहा फरश्यांची होती. आज पाडव्याचा आदला दिवस, आणि सकाळी मी मोजल्या तेव्हा दोनशे एकतीस भरल्या. बाहेरून काहीच फरक नाही. मागच्या भिंतीला लागून शेजारच्या जंगमांची जास्वंद आहे ती होती तिथेच आहे, तिला फुलंही येतात. जंगमवहिनींना मी एकदा आत बोलावून खोली दाखवली. त्या दारात उभ्या राहून लांबवर बघत म्हणाल्या की झाडायला फार वेळ जात असेल. खोलीच्या त्या टोकाला टेबलापाशी माझी थोरली बहीण कुमुदताई बसली आहे. तीसुद्धा नारळी पौर्णिमेपासूनच.

आम्ही दोघी कऱ्हाडात पटावरचे खेळ काढतो. वर्षाला एक खेळ, तीनशे खोकी, जास्त नाही. ताई पट रंगवते, मी नियम लिहिते, सोंगट्या सावंतवाडीहून येतात, आणि छपाई रशीदभाई तांबोळी करतात. पाडव्याच्या आदल्या दिवशी, दिवे लागायच्या आत, सरत्या वर्षाचा पट घडी घालून खोक्यात ठेवायचा, झाकण लावायचं आणि खोकं माळ्यावर टाकायचं, हा आमचा अकरा वर्षांचा रिवाज आहे. त्या वेळी वर्षभर काय केलं, काय चुकलं ते दोघींनी बोलायचं. पटावर जे असेल ते खोक्यात जातं. एका वर्षी ताईचा चष्मा गेला होता, तो आम्ही परत काढला नाही.

यंदा पटावर ताई आहे. म्हणून मी सकाळपासून धड चहासुद्धा प्यायले नाही.

चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकते. यंदाचा खेळ ‘गोठा’. दोन लाकडी गाई, एक तांबडी आणि एक काळी, चार कवड्या, आणि रानातून गोठ्यापर्यंतची वाट. नियम एका कागदावर पाठपोट बसले पाहिजेत, नाहीतर घडी जाड होते आणि खोक्याचं झाकण नीट बसत नाही. सगळं बसलं, फक्त शेवटची ओळ खाली उतरत होती. ‘पहिली गाय गोठ्यात शिरली की खेळ संपला.’ मी म्हटलं, हे काय सांगायला हवं? शेंबडं पोरही सांगेल. ओळ काढून टाकली. रशीदभाईंनी दोनदा विचारलं की शेवट राहिलाय का. मी त्यांना म्हटलं, तुम्ही छापा हो, नियम मी लिहिते की तुम्ही? त्यांनी छापलं. अकरा वर्षांत त्यांनी माझ्या शब्दाबाहेर एक कानामात्रा बदललेली नाही. त्या दिवशी त्यांनी माझं ऐकलं नसतं तर मी जन्मभर त्यांचे पाय धरले असते.

पहिलं खोकं ताई स्वतः उघडते आणि दोन्ही बाजूंनी एकटीच खेळून बघते. उजव्या हाताने स्वतःची तांबडी, डाव्या हाताने माझी काळी. नारळी पौर्णिमेला दुपारी तांबडी गोठ्याच्या दारात पोहोचली. मी नारळीभात वाढून हाक मारली. ताई म्हणाली, खेळ संपला नाही. मी म्हटलं, पोहोचली ना गाय, ऊठ. तिने नियमांचा कागद दोन्ही बाजूंनी वाचला, उलटा करून पुन्हा वाचला आणि विचारलं, ‘‘कुठे छापलंय?’’

तेवढ्यात पट एका घराने वाढला आणि खोली एका फरशीने. भात तसाच राहिला.

ताईचा हा कायदा आम्ही फ्रॉक घालायचो तेव्हापासूनचा आहे. मी हरायला लागले की नवे नियम काढायची. डावखुऱ्याला एक जादा चाल, चुलत्यांकडून आलेल्या पाहुण्यांसमोर सोंगटी मारायची नाही, असलं काहीही. मग ताईने वहीवर नियम लिहून काढले आणि सांगितलं की लिहिलंय ते खरं, तोंडी चालणार नाही. पुढे छपाई आली तेव्हा ‘लिहिलंय’चं ‘छापलंय’ झालं. त्या कायद्यावरच आमचा धंदा उभा आहे.

दसऱ्याला तिची नखं पुठ्ठ्याची झाली. दिवाळीत डावा हात मनगटापर्यंत गेला. त्याला चार थर दिसायचे आणि ओलं झालं की कडा सुटायच्या, म्हणून अभ्यंगाला मी तो हात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला. संक्रांतीला मी तिच्या तोंडात तिळगूळ घातला तर तो तिने गालात धरून ठेवला, चावता येईना. बोलणं मात्र जुनंच. टेबलावर धूळ बसलीय, पदर नीट घे, आणि पुरवणी छापली का?

पुरवणी म्हणजे ती राहिलेली ओळ. ती छापायलाच हवी होती, कारण तोवर बाकीची खोकी विकली गेली होती आणि पत्रं यायला लागली होती. चिपळूणहून एका जावईबापूंनी लिहिलं की सासरे गणपतीआधी खेळायला बसले ते आरतीलाही उठले नाहीत आणि त्यांच्या अंगाला नव्या वहीचा वास येतो. बार्शीहून, नांदेडहून तसंच. रागावून कुणी लिहिलं नाही. आपली माणसं सोशिक. मी ताईला म्हटलं, पुरवणी छापून आणते आणि आधी तुझ्या खोक्यात टाकते. ती म्हणाली, आधी लोकांची खोकी. चूक आपली आहे, आपलं खोकं शेवटी.

मी भांडले, रडले, दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. ती हलणार नव्हती, आणि तिला उठता येत नव्हतं.

रशीदभाईंनी तीनशे चिठ्ठ्या छापल्या. या वेळी कागदाला जागा उरत होती. माझ्या मनात धसका बसला होता की पुन्हा काही राहायला नको, म्हणून पहिल्या ओळीखाली मी आणखी एक ओळ घातली. मग मी एकेक गिऱ्हाईक शोधत सुटले. कुणी खोकं आहेरात दिलं होतं, कुणाची बदली झाली होती. चिठ्ठी खोक्यात टाकली की खेळ संपायचा आणि तसं पोस्टकार्ड यायचं. ‘खेळ संपला. मी उठलो. आभारी आहे.’ दर कार्डाला मला हत्तीचं बळ यायचं. परभणीच्या एका बाईंनी लिहिलं होतं की खोकं आता जरा जड लागतं, पण झाकण बसतं. मी ते ताईला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी हसलो होतो.

दोनशे नव्याण्णवावं कार्ड आज संध्याकाळी सहाला लातूरहून आलं. मी उरलेली एकच चिठ्ठी ब्लाउजमध्ये खोचली आणि मागच्या खोलीत शिरले.

प्रत्येक फरशीवर तिचा तिचा दिवस असतो. कसा उमटतो ते मी विचारलेलं नाही, पण रंग ताईचेच आहेत. विसाव्या फरशीवर मी रशीदभाईंच्या दारात माफी मागत हात जोडून उभी आहे. पन्नासावीवर चिपळूणचं पत्र. ऐंशीच्या आसपास दिवाळी, आणि त्या फरश्यांना अजून उटण्याचा वास आहे. एकशे सोळावी कधी ओलांडली ते मला रोज पायाला कळतं, कारण तिथे जमिनीत आडवी कापडी पट्टी आहे, आमच्या पटांना मधोमध घडीसाठी असते तशीच. आज तिथे पाऊल टाकलं तर जमीन किंचित दबली. आधी कधी दबली नव्हती. मी पदर खोचला आणि उरलेलं वर्ष जवळजवळ पळत ओलांडलं.

ताई गळ्यापर्यंत पुठ्ठ्याची झाली होती. उजव्या हाताची तीन बोटं तेवढी माणसाची उरली होती. तिने मला बघून सांगितलं की डाव्या हातात आता कवड्या राहत नाहीत, तेव्हा काळीची पाळी तूच खेळ. मी समोर बसले. बसल्याबरोबर खुर्ची माझ्या मापाची झाली आणि मला उमगलं की आता मलाही उठता येणार नाही. त्याचं मला काही वाटलं नाही. चिठ्ठी आत पडली की संपलंच, असं मी धरून चालले होते. मी ती खोक्यात टाकली.

पट वाढायचा थांबला. कुठेतरी लाकूड करकरलं. मला इतकं हायसं वाटलं की मी ताईचा तो पुठ्ठ्याचा हात धरून हसायला लागले.

‘‘वाच,’’ ताई म्हणाली.

मी वाचलं. पहिली गाय गोठ्यात शिरली की खेळ संपला. राहिलेली सोंगटी खोक्यात ठेवून झाकण लावावं.

ताईने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. मग तिने विचारलं की एका घरात खेळायला किती जण बसतात. मी म्हटलं, दोघं. कार्डावर सह्या किती होत्या? मी दोनशे नव्याण्णव कार्डं मनातल्या मनात चाळली. प्रत्येकावर एकच सही होती. मी उठलो. मी उठले. आम्ही असं कुणीच लिहिलं नव्हतं. चिपळूणच्या कार्डावर सही सासऱ्यांची होती, आणि पत्र ज्यांनी लिहिलं होतं त्या जावईबापूंचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

राहिलेली सोंगटी म्हणजे हरलेलं माणूस; परभणीचं खोकं जड का लागत होतं ते मला आता कळलं. मी पटाकडे बघितलं. ताईची तांबडी गोठ्यापासून चार घरं लांब होती. माझी काळी एकच घर लांब. पाळी माझी होती.

‘‘आपण दोघी जिंकलो असं धरू,’’ मी म्हणाले.

‘‘छापलंय का?’’

‘‘ताई, तुझ्या पाया पडते.’’

‘‘टाक कवड्या, शालू. दिवेलागण होत आलीय.’’

मी वळून बघितलं. दोनशे एकतीस फरश्यांपलीकडे दार टिचभर दिसत होतं. ते जरा वर सरकलेलं होतं. पट्टीपलीकडची अर्धी खोली जमिनीपासून सुटत होती, पटाचा अर्धा भाग घडी घालताना उचलावा तशी, सावकाश. रशीदभाईंकडे जायला वाट राहिली नव्हती.

आमच्या खेळात जितक्या कवड्या उताण्या तितकी घरं पुढे. चारही पालथ्या पडल्या तर चाल नाही, पाळी समोरच्याची. म्हणजे ताईला उठवायचं तर मला चारही पालथ्या हव्या होत्या, आणि मग तिला चारही उताण्या. जन्मभर मी हिच्याविरुद्ध जिंकण्यासाठी लबाड्या केल्या. आज एकदा मला हरायचं होतं, मनापासून हरायचं होतं. मी कवड्या एकेक करून पालथ्या मांडायला लागले.

‘‘मांडायच्या नाहीत,’’ ताई म्हणाली. ‘‘टाकायच्या.’’

मी टाकल्या. एक पालथी पडली. दुसरी पालथी. तिसरी गोठ्याच्या भिंतीला अडली आणि पालथी झाली. चौथी टेबलावरून घरंगळून खाली गेली.

सातवा नियम मीच लिहिला आहे आणि तो छापलेला आहे. कवडी खाली पडली तर पडली तशीच धरावी. ताईला वाकता येत नव्हतं. मी खुर्चीतूनच खाली वाकले. ताईचे पाय आता पाय नव्हते, सोंगटी उभी राहावी म्हणून असते तसली लाकडी बैठक होती. कवडी त्या बैठकीला आपटून माझ्या खुर्चीखालून पट्टीच्या दिशेने धावत निघाली होती. पण पट्टीअलीकडची जमीनही आता तिकडे वर चढत होती. कवडी मंदावली, थांबली आणि परत वळून माझ्याकडे यायला लागली. पालथी पड, मी पुटपुटत होते, बये, पालथी पड.

ती माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबली. उताणी.

‘‘काय पडलं?’’ ताईने वरून विचारलं.

‘‘पालथी,’’ मी म्हणाले.

‘‘खरं सांगतेस?’’

‘‘तुझी शपथ.’’

‘‘मग आण वर. माझी पाळी.’’ तिने तीन बोटं पुढे केली असावीत, कारण टेबलावर पुठ्ठा घासल्याचा आवाज आला. जन्मात पहिल्यांदाच तिने माझा तोंडी शब्द मानला होता. पण खोली थांबली नव्हती. दाराची कडी छताला टेकली होती आणि उजेड एका बाजूने कमी होत चालला होता. खोली बोलण्यावर चालत नाही, कवडी पडली तशीच धरते. मी हात लांब केला आणि कवडी पालथी करायला तिच्याखाली बोट घातलं.

बोट पुठ्ठ्यासारखं मधोमध दुमडलं. कवडी जागची हलली नाही.