पावलं मोजणारे मास्तर

शांत आळी कशाला म्हणतात, ते तुळशीराम मास्तरांना अंजूरमध्ये कळलं. ते वळणावर दिसले की बोलणं बंद. बायका हंडे घेऊन आत, पुरुष पाठ फिरवून उभे. यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटायचं.

मास्तर संगमनेरचे, एकटा जीव. मे महिन्याच्या सुट्टीत पायी गावं हिंडायची, वहीत चित्रं काढायची आणि स्वस्तात मिळेल तिथे पथारी टाकायची, हा त्यांचा बारा वर्षांचा नेम. भिवंडीतल्या लॉजचा दर ऐकून ते इथे आले आणि विधवा गुणाबाईंच्या पडवीत राहिले. बाईंनी जागा दिली, पण गोड शब्द कधी दिला नाही.

मास्तरांचंही चुकलंच. चालताना पावलं मोजायची त्यांना खोड. ते १९९१ साल. अंजूरच्या भातखाचरांत एकेक करून गोदामं उभी राहत होती. अशा गावात बांधावरून "एकशे बारा, एकशे तेरा" करत चालणारा माणूस कोण असणार? गोदामवाल्यांचा दलाल! आळीने परस्पर ठरवून टाकलं आणि मास्तरांना विचारायची तसदीही घेतली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी गुणाबाईंचा धाकटा दीर केसरीनाथ चार माणसं घेऊन अंगणात आला. चेहरा कुठेतरी पाहिलेला होता, पण भीतीने मास्तरांना काही आठवेना.

"वहिनी, या दलालाला घरात ठेवलाय? आपली जमीन मोजतोय तो!"

"अहो, मी शाळामास्तर आहे."

"गप रं! वही आन इकडं."

पिशवी उपडी झाली. बारा वर्षांची गावं त्या एका वहीत होती. "मला मारा हवं तर," ते कसेबसे म्हणाले, "पण वही नका हो फाडू."

"चुलीत घाला ही," म्हणत केसरीनाथने वही न उघडताच वहिनीकडे फेकली.

गुणाबाई चुलीपाशी गेल्या. जाळण्याआधी त्यांनी शेवटचं पान पाहिलं आणि तशाच बाहेर आल्या. पानावर त्यांच्याच शेतातली वाकडी चिंच होती. चिंचेखाली नव्या खुंट्या, दोन परकी माणसं आणि मोजणीच्या टेपचं टोक धरून उभा केसरीनाथ. खाली कालची तारीख.

"भावजी, माझ्या शेतात टेप धरून तुमीच हाय ना ह्ये?"

"खोटा हाय त्यो चितर!"

"मंग चला चिंचेखाली," चौघांतला एक म्हणाला. "खुंट्या हायेत का न्हाय, बघू."

केसरीनाथ जागचा हलला नाही.

गुणाबाईंनी ते पान फाडून कमरेला खोचलं आणि वही मास्तरांच्या हातात कोंबली. "पान माझा. तू निघ आता."

"पण बाई, मी तर काहीच—"

"तुझ्यापायी माझ्या दारात मानसं चालून आली. निघ."

मास्तर पिशवी भरून रिक्षाकडे निघाले. कुणी हाक मारली नाही, कुणी माफी मागितली नाही. वळणावर त्यांनी मागे पाहिलं. आळी तशीच गप्प होती. फक्त आता सगळ्यांनी केसरीनाथकडे पाठ फिरवली होती.