गाळलेला भाऊ

थेर्सांद्रने आयुष्यभर चरित्रं लिहिली, तीही जोडीजोडीने. एक ग्रीक, एक रोमन, आणि शेवटी दोघांची तुलना. तुलनेत दोन्ही पारडी सारखी राहिली की स्वारी खूश व्हायची. या हौसेनेच त्याचा घात केला.

रोमन सेनापती कुरुलियस रण सोडून पळाला होता. त्याच्या जोडीला थेर्सांद्रने आपल्याच थेस्पिया गावचा म्नासिप घेतला. म्नासिपनेही रण सोडलं होतं, पण जखमी भावाला पाठीवर घेऊन. घराबाहेर कुणाला ठाऊक नसलेली ही हकीकत त्याला म्नासिपचा नातू युमेलोस याने जेवताजेवता सांगितली होती, बालमित्र म्हणून. लिहिताना मात्र हा भाऊ आडवा यायला लागला. तो आला की म्नासिप भारी पडे आणि तुलना कलंडे. थेर्सांद्रने भावाला गाळलं. एका ओळीचा तर प्रश्न, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

पुस्तकाच्या प्रती रोमला गेल्या. गावातही भर चौकात वाचन झालं. गावचा देव इरॉस, त्याच्या उत्सवात बळीच्या मांसाचा पहिला वाटा तीन पिढ्या लढवय्याचं घर म्हणून म्नासिपच्या घरी जात होता. यंदा पुजारी म्हणाला, पळपुट्याच्या घरी कशाला? त्याने तो थेर्सांद्रच्याच हातात ठेवला. गावाचं नाव रोमपर्यंत नेलं ना त्याने. टाळ्या पडल्या. खरं सांगायची हीच वेळ होती, आणि थेर्सांद्र गप्प उभा राहिला.

मग वाटा ताटात झाकून तो युमेलोसच्या दारी गेला. बगलेत नवी गुंडाळी होती. तीत भाऊ परत आणला होता. युमेलोस अंगणात ऑलिव्ह निवडत होता. वाच, म्हणाला. थेर्सांद्रने वाचलं. युमेलोसने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"छान लिहिलंयस. आणि रोमला गेलेल्या प्रतींत?"

"तिथे जुनंच आहे."

"म्हणजे तिथे आजोबा अजून एकटेच पळतायत."

थेर्सांद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या चौकात हे वाचतो, असं तो कसंबसं पुटपुटला.

"आज सगळा गाव जमला होता की रे."

 युमेलोसने मांसाचं ताट उचलून थेर्सांद्रच्या हातात परत दिलं.

"घरी ने, लेका. गार होतंय."

ताट घेऊन तो निघाला. वाटेत लोक थांबून थांबून त्याचं अभिनंदन करत होते.