बिनदम्या

फुलसावंगीत मारोतीला आडनावाने कोणी ओळखत नसे. 'बिनदम्या' म्हटलं की झालं. कापसाचं बोचकं दहा पावलं नेलं की गडी बांधावर बसून धापा टाकायचा, आणि बायको कांताबाई साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशी ओरडायची, "ह्या माणसात दमच नाही!" बावीस वर्षं हेच. मारोतीला ते फार लागायचं. तिने एकदा तरी तो शब्द मागे घ्यावा, एवढीच त्याची इच्छा. पण उलट बोलायलाही दम लागतो.

यंदा खोकला हटेना, म्हणून पुतणी प्रियंका त्याला यवतमाळला घेऊन गेली. डॉक्टरांनी स्कॅन पाहिला, पुन्हा पाहिला, मग आणखी दोन डॉक्टरांना हाक मारली. उजव्या फुफ्फुसाला रक्त नेणारी मोठी नळीच जन्मापासून नव्हती! लाखांत एखाद्याला असं असतं, म्हणाले.

मारोतीला आभाळ ठेंगणं झालं. गावात उतरताच त्याने चहाच्या टपरीवर ती काळी फिल्म उन्हात धरली.

"पाहून घ्या! माह्या उजव्या फुफ्फुसाले लाइनच टाकली नाही!"

"आपल्या नळयोजनेवाल्यायचंच काम असन ते," टपरीवाला किसनसिंग म्हणाला.

घरी कांताबाई मात्र ऐकून मटकन खाली बसली. "अन् मी तुमाले काय काय बोलली," म्हणत तिने पदर डोळ्यांना लावला.

मग आठ दिवस मारोतीची पाचही बोटं तुपात. पाण्याचा गिलाससुद्धा हातात. "डॉक्टरनं कामच नाही सांगतलं," असं तो खाटेवरून सांगायचा. नवव्या दिवशी प्रियंकाने डॉक्टरांचा कागद मोठ्याने वाचला: जड ओझं उचलू नये. बाकी हलकी कामं रोज करावीत.

कांताबाईने नवऱ्याकडे पाहिलं. मारोतीचं चालू फुफ्फुसही जागीच थांबलं. आता तोच शब्द येणार!

तिने तुरीच्या शेंगांची टोपली त्याच्या पुढ्यात आदळली.

"नळी फुफ्फुसाले नाही. हाताले तं आहे ना?"

मग शेजारी बसत हळूच म्हणाली, "दम खात खात सोला. घाई नाही कोणाले."

मारोतीला इतकं भरून आलं, की पहिल्या शेंगेतले दाणे त्याने टरफलांत टाकले.