बनूबाईंच्या घरची कागदाची तार

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे, कागद टोचून ठेवायची. आणि सुरुवातीलाच सांगते, या घरातल्या सुयोगचं वागणं मला कधी पटलं नाही. हातात कागद आला की हा गडी त्यावर माशी हाकल्यासारखी नजर फिरवतो आणि म्हणतो, "तारेला लाव, आई."

माझा जन्म उल्हासनगरच्या एका गाळ्यातला. कारागिरानं माझं वरचं टोक आकड्यासारखं वळवून अणकुचीदार केलं, खाली लाकडाची चकती बसवली. बनूबाईंनी मला बाजारातून घासाघीस करून आणलं आणि पालेगावच्या घरात देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावर टांगलं. तेव्हा दारापुढे भातखाचरं होती. आता तिथे सात मजल्यांच्या इमारती आहेत.

माझी वर्षं मानात गेली. लाईटबिल, गॅसची चिठ्ठी, नातीच्या, चिमीच्या शाळेचा कागद, सगळं माझ्यावर. बनूबाई चष्मा लावायच्या, कागद दूर धरायच्या, ओठ हलवायच्या आणि टोचायच्या. शेजारच्या इंदुबाई म्हणायच्या, "बनूबाई, तुमची तार म्हणजे सरकारी कपाट गो!"

"मग? आमच्या घरातून चिठ्ठी हरवत नाही," बनूबाई मान ताठ करून म्हणायच्या. "माणसं हरवतील एकवेळ."

बनूबाईंचे यजमान आण्णा. जीन्स घासायच्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं काढली. निळी धूळ नाकातोंडात जायची. शेवटी फुप्फुसं कामातून गेली. न्हाणीघरापर्यंत जायचं तर दोनदा भिंत धरायचे.

त्यांच्या दवाखान्यात राजसी नावाची सिस्टर आहे. छातीच्या रोग्यांना तापाची साथ सोसत नाही, म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी ती घरोघर कार्डं पाठवायची. फ्लूची लस घ्यायला या, अशी. पहिलं कार्ड आलं तेव्हा बनूबाईंनी सुयोगला हाक मारली.

"बघ रे, हे काय आलंय?"

"दवाखान्याचं आहे. चेकिंगबिकिंगचं असेल. तारेला लाव."

"लावते. तुझ्यासारखी भिरकावत नाही मी."

दुसऱ्या वर्षी कार्डावर लाल रेघ होती. तिसऱ्या वर्षी राजसीनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'आण्णा, दोन वर्षं वाट पाहिली. यंदा नक्की या. चालवत नसेल तर निरोप पाठवा, मी घरी येते.' तिन्ही कार्डं माझ्या अंगातून गेली. मी ती वाचली. पण मित्रांनो, तारेला तोंड नसतं.

सुयोगच्या मोबाईलवर मेसेजही यायचे. त्याला ती जाहिरात वाटायची.

यंदा श्रावणात घरात ताप शिरला. आधी चिमीला, मग सुनेला, स्वप्नालीला. त्या दोघी चार दिवसांत उठल्या. आण्णा उठले नाहीत. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, लस घेतली होती का, कुणी कळवलं नव्हतं का. बनूबाई ठसक्यात म्हणाल्या, "कळवलं असतं तर घेतली नसती? आमच्या घरात कागद जपतात." नवव्या दिवशी आण्णा गेले.

तेराव्यानंतर राजसी भेटायला आली. खाली मान घालून म्हणाली, "मावशी, तीन कार्डं पाठवली होती हो."

बनूबाई उठल्या. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं आणि स्वप्नालीच्या मांडीवर ठेवलं. तिनं एकेक कागद उपसला. तिन्ही कार्डं निघाली, प्रत्येकाच्या मधोमध भोक. तिनं ती मोठ्यानं वाचली. तिसरं दोनदा वाचलं. लस घेतली असती तर आण्णा नक्की वाचले असते, असं राजसीही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "लढायला काहीतरी हाताशी असतं त्यांच्या."

मित्रांनो, मला आयुष्यभर जपणारी म्हणून मान मिळाला, आणि मी तीन वर्षं एका माणसाचा श्वास टोचून ठेवला. माझी एवढीच विनवणी आहे. कागद जपण्याआधी तो मोठ्यानं वाचा. घरात ज्याची छाती घरघरते, त्याच्या पुढ्यात बसून वाचा.

सुयोग कोपऱ्यातून म्हणाला, "आई, तू तरी बोलायचंस ना! सगळे कागद तर तूच सांभाळतेस. रोज चष्मा लावून बघतेस."

बनूबाईंनी चष्मा काढला. राजसी होती, इंदुबाई दारात उभ्या होत्या. बाई कुणाकडे बघायला लाजल्या नाहीत.

"मला वाचता येत नाही. कागद ओळखते ते रंगावरून. जन्मभर झाकलं, आज चारचौघांत सांगते. ह्यांनी धूळ खाल्ली ती तुला पंधरावीपर्यंत शिकवायला. तुला वाचता येत होतं, सुयोग."