रखमाजीच्या दाताची गाठ

लाल रेशमाचं एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळून रखमाजीनं दुसरं दातांत धरलं आणि मान मागं घेतली. रेशीम एकतारीच्या तारेसारखं थरथरलं, आणि त्याच क्षणी वरचा पुढचा दात मुळापासून हलला. डोळ्यांपुढं काजवे चमकले. तोंडात खारट चव पसरली. समोर पाच-सहा बाया आपापल्या मण्यांच्या पोती घेऊन बसल्या होत्या. त्यानं हूं की चूं केलं नाही. हातांनी गाठीचे वेढे घेतले, टोक सोडलं आणि तोंडातलं रक्त गिळून टाकलं. रेशीम लाल होतं म्हणून निभावलं.

"बसली का गाठ, मामा?" एकीनं विचारलं.

"बसंल. सकाळपावतो आणखी बसंल. रेशीम रात्रीतून आवळतं, बाई. उद्या येऊन घेऊन जा."

भोकरदनच्या बाजारात रेशमात मणी गाठवणारे पटवेकरी आणखी दोन होते, पण डोरलं गाठवायचं तर ते रखमाजीकडं, असा आसपासच्या गावांचा रिवाज. तहसीलदारसाहेबांच्या बेगमेचा चंदनहारसुद्धा पेटीत बंद होऊन इथंच यायचा. रखमाजीच्या वरच्या दोन दातांना मधोमध एक खाच पडली होती, चाळीस वर्षं रेशीम ओढून ओढून पडलेली. ती तो झाकत नसे. हसायचा तोही असा, की खाच आधी दिसावी. दुकान मांडलं की पहिली अख्खी सुपारी दातानंच फोडायचा. अडकित्ता जवळ असायचा, पण तो गिऱ्हाइकांसाठी. मग तंबाखूची चिमूट गालात जायची ती दिवसभर तिथंच. आणि बाया जात्यावर बसल्या की म्हणायच्या:

माझ्या गं डोरल्याला गाठ रखमाजीच्या दाताची
रानीवनी हिंडते मी, भीती न्हाई तुटण्याची

आपल्या दाताची ओवी झालेला माणूस पंचक्रोशीत दुसरा कोण होता?

संध्याकाळी तो घरी भाकरी आमटीत कुस्करून खात होता. समोर त्याची बायको गोजरबाई फुटाणे खात बसली होती. कुडूम, कुडूम. त्याच्याहून चारच वर्षांनी लहान, पण तोंडातला एक दात हलला असेल तर शपथ. रोज सकाळी बाभळीची काडी चावायची, मिसरीला कधी बोट लावलं नाही.

"हळू खा की जरा. कानाला त्रास होऊन राह्यला."

"कानाला का दाताला?"

त्यानं भाकरी आणखी बारीक कुस्करली.

"जालन्याच्या डाक्टरनं काय सांगितलं व्हतं? सुपारी, तंबाखू न् दोरा. तिन्ही सोडा म्हणला. तुमी तर एक बी न्हाई सोडलं."

"दात माझे हायेत."

"दात तुमचे, पन रातभर कण्हनं मला ऐकावं लागतं. म्या म्हणते, दुकानात एक खिळा ठोका. खिळ्याला अडकवा न् वढा. खिळा काय हिरडीतून निघनार न्हाई."

रखमाजीनं ताटली बाजूला सरकवली. अशा बोलण्यानं त्याला बापाचा अपमान झाल्यासारखं वाटे. दातानं ओढणं बापानंच शिकवलं होतं.

"खिळ्याला कान असत्यात का? तुटायच्या आधी रेशीम बोलतं. बारीक बोलतं. ते दाताला ऐकू येतं. दाताला कळतं, कुठवर वढायचं न् कुठं थांबायचं. खिळ्याला काय कळनार?"

"बराबर हाय," गोजरबाई म्हणाली, आणि उरलेले फुटाणे तोंडात टाकून उठली. चुलीशी जाता जाता ती तीच ओवी गुणगुणली. 'रखमाजीच्या' एवढं म्हणून गप्प झाली, पुढचा शब्द गाळून पुन्हा 'रानीवनी'ला लागली. ही तिची सवयच होती. सूप टांगायच्या खिळ्यावरून तिनं सूप काढलं. तो खिळा दिव्याच्या उजेडात लखलखला. एवढ्याशा खिळ्याला कसली चकाकी, असं रखमाजीच्या मनात आलं आणि गेलं.

दिवसभराचं काम त्यानं पेटीतून काढून एकदा चाचपलं. गाठी सैल होत्या. दोन वर्षांपासून संध्याकाळी अशाच सैल लागायच्या. पहिल्यांदा त्याला वाटलं होतं, दातातला जोर गेला. पण सकाळी केळणा नदीवर अंघोळ करून परत यावं, पेटी उघडावी, तर गाठ दगडासारखी. रेशीम रात्रीतून बसतं, हे त्याला तेव्हापासून कळलं होतं. बापाला हे माहीत नव्हतं. आपल्या हाताला म्हातारपणी आलेला हा गुण आहे असं तो समजून होता, आणि गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगत होता.

पुढच्या बाजारच्या दिवशी द्वारकाबाई आल्या. जमीनदार काकासाहेबांच्या घरच्या, शंभर एकरांच्या मालकीण. पण बाजारात आल्या की बोलायला त्यांना माणूस पुरत नसे. बसायच्या आधीच त्यांनी पदर सरकवून मान दाखवली. मानेवर कासऱ्यासारखा काळपट वळ उठलेला होता.

"बघा, रखमाजी. तुमची करणी हाय ही."

रखमाजीनं हातातलं रेशीम खाली ठेवलं. "काय झालं, बाई?"

"पोळ्याला बैल ओवाळून राह्यले व्हते. बैलानं मान झटकली न् शिंग गेलं माझ्या पोतीत. चार पावलं वढत नेलं मेल्यानं! मालक वरडतात, गडी धावतात, मी म्हणते, आता मणी सगळ्या वाड्यात सांडनार. मान तुटायची वेळ आली, पन गाठ? बिलकुल हलली न्हाई!"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. शेजारच्या दुकानात कुलपं दुरुस्त करणारा फकरोद्दीन कानस थांबवून ओरडला, "वा रे रखमाजीभाई! बैल हारला!"

"गडी शेवटी म्हणला, बाईसाहेब, पोत तुटायची न्हाई, शिंगच सोडवावं लागंल," द्वारकाबाईंनी पोत काढून त्याच्या हातात दिली. "आता नातू झालाय. सोन्याचे दोन मणी वाढवायचेत. गाठ सोडा न् तशीच दुसरी मारा. तुमच्या दाताला दृष्ट लागू नये, बाई."

रखमाजीनं बाकीच्या बायांकडं पाहून घेतलं. दुखणारी हिरडीसुद्धा क्षणभर गप्प झाली. गेल्या आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, त्यानंच गाठवलेली पोत. त्यानं ती डोळ्यांजवळ नेली, गाठ सोडायला नखानं वेढा शोधला.

वेढा सापडेना.

त्याचा वेढा उजवीकडून सुटायचा. बापाचाही तसाच. हा उलटा होता. एकावर एक, गव्हाच्या ओंबीसारखे नेटके, सारे वेढे डावीकडून घातलेले. त्याच्या आजवरच्या कुठल्याही गाठीपेक्षा बारीक, आणि घट्ट.

बाजारच्या दिवशी मदतीला येणारी गोजरबाई मागं रेशमाची गुंडी करत बसली होती. डाव्या हातानं. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिच्या त्या हातावर पळी मारली होती, डाव्यानं वाढते म्हणून. वाढायचं तिनं उजव्यानं शिकून घेतलं. बाकी सगळं डाव्यानंच राहिलं.

केळणेवर जाऊन यायला त्याला घटकाभर वेळ लागायचा. सूप टांगायचा खिळा रेशीम घासल्यासारखा लखलखत होता. रेशीम रात्रीतून बसत होतं.

रखमाजीनं मान वळवून बायकोकडं पाहिलं. तिचा हात थांबला. तिनं गुंडी पदराखाली घेतली आणि जमिनीकडं बघत राहिली, चोरी सापडल्यासारखी.

"आवं, काय बघता?" द्वारकाबाई म्हणाल्या. "गाठ आवळलीय न्हवं? दात लावा. लावा ना दात, आमी बी बघतो!"

"लावा, मामा," बाकीच्या बाया पुढं सरकल्या.

त्यानं पोत तोंडाजवळ नेली. सगळा बाजार बघत होता. नुसता दात लावायचा होता, एवढंच. चाळीस वर्षं लावला तसा. ओवी तशीच राहिली असती.

रखमाजीनं तोंड बाजूला करून गालातली तंबाखू थुंकली. तांब्यातलं पाणी घेऊन चूळ भरली. पाणी लाल आलं. सगळ्यांनी पाहिलं, आणि त्यानं पाहू दिलं.

"बाई," तो म्हणाला, "ही गाठ सोडायची तर जिनं मारली तिनंच सोडावी."

द्वारकाबाईंना उमगायला जरा वेळ लागला. मग त्यांनी रखमाजीच्या खांद्यावरून मागं पाहिलं.

"आवं, असं काय बोलता?" गोजरबाई पुटपुटली. "लोक काय म्हणतील..."

"बैल हारला म्हणतील. ये, म्होरं ये."

तो गादीवरून उठला. त्या गादीवर आधी त्याचा बाप बसायचा, मग तो. गोजरबाई कडेला टेकली, जरा थांबली आणि मग नीट मांडी घालून बसली. डाव्या हाताचं नख लावलं. गाठ एका झटक्यात उकलली. एक म्हातारी "अगं माय!" म्हणाली आणि गुडघ्यांवर सरकत आणखी जवळ आली.

रखमाजी फकरोद्दीनकडं गेला. हातोडी घेतली, दोन चांगले खिळे निवडले. एक हातात, दुसरा सवयीनं दातांत धरून तो परत आला. गोजरबाईनं वर न बघताच तळहात पुढं केला. त्यानं दातातला खिळा मुकाट्यानं त्यावर ठेवला.

मग तो दुकानाच्या खांबाशी उभा राहिला, गादीकडं बघत त्यानं अंदाज घेतला, आणि ठोकायला लागला.

"अरे रखमाजीभाई," फकरोद्दीन पलीकडून ओरडला, "उलट्या बाजूला ठोकून राह्यलास! तुझ्या उजव्या हाताला तिथं कसं जमंल?"

रखमाजीनं शेवटचा घाव घातला. खिळा दोनदा ओढून पाहिला. हलला नाही. मग वळून तो हसला, खाच आधी दिसावी असा.

"इथंच पायजे," तो म्हणाला.