चौथा पाय

फर्निचर डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला मी शिकवतो, असा निदान पालकांचा तरी समज आहे. यंदा मेहनाजने सागवानी टीपॉय केला. पॉलिश असं, की बघणाऱ्याने त्यात पाहून भांग पाडावा. पाय मात्र तीनच.

"चौथा कुठेय?"

"लागत नाही, सर."

"म्हशीला लागतो, तुझ्या टीपॉयला लागत नाही?"

वर्ग हसला. केदार ओरडला, "रिक्षा आहे सर ती! स्वारगेट, स्वारगेट!"

मी निकाल दिला: चौथा पाय नाही, तर प्रदर्शन नाही, प्रदर्शन नाही, तर वर्ष नाही. मेहनाजने मान हलवली, पण होकार की नकार हे कळू दिलं नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी कात्रजच्या कार्यशाळेतून चौदा वस्तू नारायण पेठेतल्या सभागृहात आल्या. टीपॉय तीन पायांवरच उतरला.

"मेहनाज?"

"केलाय सर, पिशवीत आहे. लावायला हात धजत नाही."

मी तोंड उघडणार, तोच परीक्षक सुहासिनीबाई आल्या. त्यांची परीक्षा साधी. काठोकाठ भरलेला चहाचा कप मधोमध ठेवायचा आणि बोटाने हलकेच ठोकायचं. केदारचं टेबल डुगडुगलं, चहा बशीत. वल्लरीची खुर्ची, चहा बशीत. एकामागून एक तेरा वस्तू डुगडुगल्या.

"अहो, अभ्यासक्रम झोपाळ्यांचा आहे का?"

तेव्हा मला कार्यशाळेतली खिडकीजवळची फरशी आठवली. उजेड चांगला म्हणून अकरा वर्षं सगळ्यांचे पाय मी तिच्यावरच जुळवून घेतोय. तिचा एक कोपरा खचलेला असणार. त्या फरशीवर आमचं फर्निचर अगदी निश्चल असतं.

टीपॉयवर कप ठेवला. बाईंनी ठोकलं. थेंब सांडला नाही. त्यांनी सभागृहाची प्लास्टिकची खुर्ची ओढली, बसल्या आणि तो चहा पिऊन टाकला.

"तीन पाय कुठल्याही जमिनीवर टेकतात. हे तुम्ही शिकवलंत?"

"नाही. मी विरोध केला."

"छान. विरोधाशिवाय पुण्यात चांगलं काही होत नाही." आणि त्यांनी मेहनाजच्या नावापुढे पहिला क्रमांक लिहिला.

"मेहनाज," मी म्हणालो, "तो चौथा पाय काढ."

तिचा चेहरा पडला. "लावायचाच, सर?"

"कापायचा. पातळ चकत्या कर. बाकीच्या तेरांच्या पायांखाली लागतील."

तिने करवत घेतली.

"स्वारगेट, स्वारगेट!" ती ओरडली.

रांगेत पहिला केदार होता.