समोरून सगळे ठीकच दिसते

मी संगणकाचा एक जुना माउस आहे. मित्रांनो, बाहेरचा झोपाळा रोज कुरकुरतो ना, त्याविषयीच मला बोलायचे आहे.

बागेतली खेळणी संगणकावर आखणाऱ्या एका कार्यालयात मी आलो, तेव्हा नवा कोरा होतो. आखणी करणाऱ्या ताईंच्या हाताखाली माझा जन्म सरला. माझे चाक दाबून हात हलवला की पडद्यावरची वस्तू गरकन फिरे. तिची पाठ, तळ, सारे दिसे. वस्तूचे तुकडे सरकवायला पडद्यावर तीन बाण होते. तांबडा डावीउजवीकडे नेई, हिरवा वरखाली आणि निळा पुढेमागे. समोरून पाहताना निळा बाण नुसता ठिपक्याएवढा दिसे.

ताई प्रत्येक तुकडा सरकवल्यावर वस्तू फिरवून पाहत. साहेब चेष्टा करत, "अहो, किती गरगर फिरवता! भोवळ येईल बिचाऱ्याला."

"समोरून काय, सगळेच चांगले दिसतात साहेब. तुम्हीसुद्धा!"

वर्षे गेली. माझ्या चाकात धूळ आणि बिस्किटांचा भुगा साचला. चाक अडू लागले.

"साहेब, या माउसचं बघा ना काहीतरी."

"क्लिक होतंय ना? मग घ्या चालवून. झोपाळ्याची फाईल आजच वर्कशॉपला जायचीय."

मला उघडून कोणी एक फुंकरही मारली नाही.

त्या दिवशी ताई झोपाळ्याच्या दांडीला साखळी अडकवायची पट्टी जोडत होत्या. पट्टी जराशी वर घ्यायची होती. हिरवा बाण धरायचा, तर चुकून निळा ठिपका धरला गेला आणि पट्टी बोटभर मागे सरकली. समोरून काहीच कळले नाही. मग हिरवा बाण धरून त्यांनी ती वर घेतली. दांडीला चिकटल्यासारखी दिसली. सवयीने त्यांनी चाक दाबले. पुन्हा दाबले. मी जीव खाऊन जोर लावला, पण चाक हलले नाही.

"मेलं अडलंय," ताई पुटपुटल्या. "जाऊ दे, ठीकच दिसतंय."

फाईल गेली.

पुढे ताई रजेवर असताना वेल्डर आला. "साहेब, दांडी आणि पट्टीमध्ये फट राहत होती. वेल्डिंगनं बुजवली, वर पिवळा रंग मारला. कळायचंसुद्धा नाही कुणाला."

"शाबास!" साहेब म्हणाले. त्याच आठवड्यात नवा माउस आला आणि मी खणात पडलो.

तो झोपाळा शेजारच्या शाळेच्या अंगणात लागला. ताईंची लेक चिमी तिथेच शिकते. मधल्या सुट्टीत तिचा आवाज इथवर येतो, "उतर ना गं, आता माझी पाळी!" सुरुवातीला कुरकुर नव्हती. आता झोका मागे गेला की त्या बुजवलेल्या फटीपाशी कर्र होते, आणि ती कर्र रोज थोडी लांबत चालली आहे. खणाच्या फटीतून मला ताई दिसतात. त्या खिडकीतून चिमीला हात हलवतात. समोरून त्यांना सगळे ठीकच दिसते.

मित्रांनो, राबणाऱ्या वस्तूची वेळीच निगा राखा. तिला झालेले दुखणे तिच्यापाशीच थांबत नाही. आणि तुमच्यापैकी कोणाचा हात या खणापर्यंत पोहोचत असेल, तर मला बाहेर काढा. माझ्या चाकावर एक फुंकर मारा आणि तो झोपाळा ताईंना एकदा पाठीमागून दाखवा.

मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत.